दोघांचा अंदाज

भाऊ, तुझ्याच घराचा अंदाज चुकला माझा. सगळ्या चांदा जिल्ह्यातली घरं मोजली, वकिलांची, शेठांची, फॉरेस्टच्या साहेबांची, अन् चुकलो कुठं, तर तुझ्या दोन खोल्यांत अन् एका ओसरीत. तू असता तर गालात तंबाखू धरून नुसता हसला असता. बोलला काहीच नसता. तुझं ते न बोलणंच मला जास्त झोंबायचं.

कवडूभाऊ, उद्या तुझी तेरवी. आज बाराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मागच्या खोलीची शेवटची भिंत संपवली, कुंचा धुतला अन् तुझ्या ओसरीवर बसून हे लिहितो आहे. कागद तोच, अंदाज लिहून द्यायचा. पेन्सिलही तीच. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे सोळा वर्षं मी कागदावर काय लिहितो ते तू कधी विचारलं नाही. मी लिहायचो, तू मान हलवायचा. आता हेही कोण वाचणार आहे? पण बोलायला माणूस उरला नाही, म्हणून लिहितो. "बोलतो आपल्यावानी अन् लिवतो मास्तरावानी," असं चिडवायचा तू मला. हातात पेन्सिल आली की माझा हात तसाच वळतो, त्याला काय करू?

सातव्या दिवशी वहिनीनं मला बोलावलं. दारात उभी राहून म्हणाली, "नत्थूभाऊ, तेरवीच्या आदी घराले चुना लावून देता का? लोकं येतीन गडचिरोलीकडून. रंगाऱ्याचं घर अन् भिंती अशा, बरं नाई दिसत."

मान खाली गेली माझी. दोघं मिळून शेकडो खोल्या पांढऱ्या केल्या, पिवळ्या केल्या, एका हौशी सावकाराची तर पोपटी केली, अन् तुझ्या घराच्या भिंतींना पांढऱ्या मातीच्या पोताऱ्यापलीकडे काही लागलं नव्हतं. वहिनी दर वर्षी म्हणायची अन् तू दर वर्षी म्हणायचा, "पुढल्या दिवाळीत." मीही कधी म्हटलं नाही की चल भाऊ, एक रविवार तुझ्या घरासाठी काढू.

"किती दिवस लागतीन?" वहिनीनं विचारलं.

मी खिशातून फीता काढला. लांबी, रुंदी, उंची. दारं-खिडक्या वजा. कागदावर आकडे मांडले अन् छाती पुढे काढून सांगितलं, "तीन दिवस. दहाव्याच्या आत घर मोकळं करून देतो." वहिनी माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली. पैशाचं विचारायला तिनं तोंड उघडलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, "वहिनी, पुन्हा इचारलं तर शिडी घेऊन वापस जाईन." तेव्हा ती पहिल्यांदा जराशी हसली.

तीन दिवसांत अर्धं घरही झालं नाही.

अन् झालं तेही कसं? नवव्या दिवशी संध्याकाळी मी पुढच्या खोलीत कंदील वर धरून पाहिलं, तर चारही भिंतींवर माझ्या कमरेच्या उंचीला एक मळकट आडवा पट्टा. खोलीभर फिरलेला. खोलीला करगोटा बांधल्यासारखा. आपल्या कामाला असा पट्टा कधी पडला नव्हता. नवशिक्याच्या कामाला पडतो, तेव्हा आपण दोघं रस्त्यानं जाताना नाक मुरडायचो.

तो कशाचा पट्टा ते मला लगेच कळलं, अन् कंदील ठेवून मी तिथंच खाली बसलो. तू खाली, मी वर, ही आपली रीत. शिडीवर उभा राहून मी वरचा अर्धा मारायचो अन् माझा चुना ओला आहे तोवर तू खालून येऊन त्यात तुझा मिळवायचा. वरचा वाळला अन् मग खालचा लागला की सांधा दिसतो, मग त्यावर कितीही हात मारा. सोळा वर्षं मला वरून तुझं काय दिसायचं? डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, त्यावर उडालेले माझ्याच कुंच्याचे थेंब, अन् तुझा वर-खाली होणारा हात. सांधा कसा मिळतो याचा मी कधी विचारच केला नाही. मी वर मारतो अन् खालचं आपोआप होतं, असंच धरून चाललो होतो.

अन् अंदाज? मी मोजायचो फुटांनी, पण ते फूट दोन माणसांचे होते. शंभर फुटाला अमुक वेळ, हे गणित मी तुझ्या हातावर बसवलेलं होतं अन् मला वाटायचं ते फीत्यावर बसवलं आहे. तू गेल्यावर सातव्या दिवशी तुझ्याच घरात उभा राहून मी तुझे दोन्ही हात हिशोबात धरून आलो. याला काय म्हणावं, भाऊ? मूर्खपणा म्हणावा का सवय म्हणावी?

तुझी मोजायची रीत वेगळी होती. मी तुझ्याबरोबर लागलो तेव्हा तुझ्याकडे फीता नव्हता, नुसता लोटा होता. घरात शिरला की आधी घरच्या बाईशी बोलायचा. चूल कुठी हाये, लाकूड कोणतं जाळता, पावसाचं पाणी कोण्या बाजूनं झोडपते. मालक बाजूला ताटकळत उभा. मग लोट्यातल्या पाण्यात तळवा भिजवायचा अन् भिंतीवर ठेवायचा. हात काढला की पंजाचा ओला डाग राहायचा अन् तू त्याच्याकडे पाहत ओठातल्या ओठात मोजत बसायचा. डाग झटकन गेला तर भिंत तहानलेली, एक हात जास्त लागेल. डाग हटेना तर भिंतीत ओल आहे, दर हाताला एक दिवस वाळायला सोडावा लागेल. प्रत्येक खोलीत असं करून शेवटी अंगणात येऊन दिवस सांगायचा. पैसा त्यानंतर, तोही खणावर. इतके खण, इतके हात, इतके रुपये. पैशाची घासाघीस तू हसत हसत करू द्यायचा. पण दिवसाला कोणी हात लावला की तुझा चेहरा बदलायचा. "पैसा कमी करा, मालक, दिवस कमी करू नोका. दिवस माह्या हातचा नाई, भिंतीचा हाये."

मला हे सगळं गावंढळ वाटायचं. सरकारी क्वार्टरांच्या कामावर ओव्हरसियरनं मला फीता धरायला शिकवला अन् माझ्या डोक्यात वारं शिरलं. मालकासमोर फीता खळकन ओढला की त्याचा चेहरा कसा होतो ते पाहायला मला आवडायचं. तुझा ओला पंजा पाहून लोक हसतात असं मला वाटायचं. हसत कोणीच नव्हतं. मीच हसत होतो.

अन् मग ते सिरोंच्याचं काम आलं.

तिथल्या एका कापडाच्या शेठनं चांद्याला त्याच्या नातेवाइकाकडे आपलं काम पाहिलं होतं. मुलीचं लग्न होतं, म्हणून त्यानं बोलावलं. आलापल्लीच्या सागवानातून मोटरीनं दिवसभर हाडं खिळखिळी करत आपण गेलो, कुंच्यांचं गाठोडं तुझ्या मांडीवर. शेठचं घर गोदावरीच्या अंगाला होतं. तू सगळ्या भिंतींना हात लावला. नदीकडच्या भिंतीवर तुझा पंजा उमटला तो वाळेचना. तू दोनदा मोजलं. शेठ तेलुगू बोलणारा, मोडकी हिंदी यायची. त्यानं विचारलं, "एन्नि रोजुलु?" किती दिवस, एवढं तेलुगू तुला आजवरच्या कामांनी शिकवलं होतं. तू दोन्ही पंजे उघडून दहा बोटं दाखवली, मग आणखी दोन.

माझ्या फीत्यानं नऊ म्हटलं होतं. शेठच्या कपाळाला आठी पडली, काम हातचं जाईल असं मला वाटलं, अन् मी मध्ये तोंड घातलं. शेठला हिंदीत म्हटलं, "बुढ्ढा हो गया है, हाथ धीमा चलता है. नौ दिन में कर देंगे."

घरातली माणसं हसली. तुझी दोन बोटं अजून वरच होती. तू ती हळूहळू मिटली अन् हात धोतराला पुसला.

त्यानंतर नऊ दिवस तू मला एक शब्द वाकडा बोलला नाही. मी उठायच्या आत तुझा चुना गाळून तयार असायचा. दुपारची विश्रांती तू घेतली नाही. मी आंब्याखाली आडवा पडायचो अन् आतून तुझ्या कुंच्याचा सपसप आवाज यायचा. नवव्या दिवशी ऊन उतरता उतरता काम संपलं. तू गोदावरीत कुंचे धुतले, पाणी पांढरं होऊन वाहून गेलं, अन् तू एवढंच म्हणाला, "झाले तुहे नऊ."

मी मात्र फुगलो. चांद्याला आल्यावर वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो, नऊ म्हटले अन् नऊत केले. तू समोर असला तरी सांगायचो.

पण त्यानंतर तू माझ्याबरोबर अंदाज सांगायला कधी आला नाहीस. "भाऊ, चाल ना," म्हटलं की तू म्हणायचा, "तू जा. फीता हाये तुह्यापाशी." कामाला यायचा, वेळेवर यायचा, खालचा अर्धा मारायचा. संध्याकाळी माझ्या हातून चिलीमही घ्यायचा. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं की कोणीतरी माफी मागतो, चहा होतो, संपतं. आपलं भांडण कधी झालंच नाही, त्यामुळे ते कधी संपलं नाही. चार वर्षं मी एकटा दुसऱ्यांच्या रिकाम्या खोल्यांत फीता ओढत फिरलो अन् मनात म्हणत राहिलो, पुढल्या वेळी बोलू. तुझ्या दिवाळीसारखीच माझी पुढली वेळ.

या हिवाळ्यात तुझी छाती भरली. मी यायचो, खाटेजवळ बसायचो. तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मला वाटायचं तू मला टाळतो आहे. मी दहा मिनिटं बसून उठायचो.

आता पुन्हा तुझ्या घरातल्या त्या नवव्या दिवसाचं सांगतो. मी पुढच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो, कंदील बाजूला. वहिनी आली. तिनं भिंतीवरचा पट्टा पाहिला. मला वाटलं रडेल किंवा रागावेल, तेरवी तोंडावर आली अन् घर असं अर्धवट. ती माझ्यासमोर बसली अन् म्हणाली, "पडला का सांधा?"

सांधा हा शब्द तिला कुठून माहीत?

"त्यायनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "खाटीवर पडल्या पडल्या भिंत पायत राह्यत होते ना. एक दिवस मले म्हणे, लोटा आन. हात ओला केला अन् भिंतीले लावला. उठवत नोयतं, तरी मले धरून धरून तिन्ही जागी लावला. मंग म्हणे, मी गेल्यावर घराले चुना लावून घेजो, नत्थ्याले सांगजो. तो तीन दिवस सांगंल. त्याले आडवू नोको. तो दोघाचे मोजंल. एकटा हाये हे त्याच्या ध्यानात याले तीन दिवस लागतीन. पाच दिवस धर."

मी म्हटलं, "मंग मले आदी काऊन नाई सांगतलं, वहिनी?"

"ते म्हणाले, आदी सांगतलं तं आयकणार नाई. फीता काढंल."

अन् मग, भाऊ, मी रडलो. तू गेला त्या दिवशी मी लाकडं आणण्यात, लोक जमवण्यात होतो, तेव्हा रडलो नव्हतो. तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत, त्या पट्ट्याखाली बसून रडलो, वहिनीसमोर, लहान पोरासारखा. ती उठली नाही. माझं होईपर्यंत बसून राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणखी एक सांगतलं हाये. एकट्या मानसानं आडवं मारू नाई म्हणे. उभे पट्टे घ्यावे, हातभर रुंद. वरून सुरू करावं अन् ओलं हाये तवापर्यंत थेट खालपर्यंत यावं. मंग शिडी सरकवावी. म्हणजे सांधा पडत नाई."

म्हणजे तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, तेव्हा मला टाळत नव्हता. माझं काम मोजत होता. मी दहा मिनिटांत उठून जायचो अन् तू तिथं पडून, माझ्याच्यानं एकट्यानं कसं निभेल याचा अंदाज घेत होता.

दहाव्या दिवशी इरई नदीवर गेलो, विधी झाला, काम बंद. तेव्हा घाटावर उभं राहून मी बोटं मोजली अन् कळलं की वहिनीनं मला सातव्याच दिवशी का बोलावलं. दहावा सोडला तर तेरवीआधी बरोबर पाच दिवस निघत होते. तुझा हिशोब तिनं पक्का धरला होता. माझ्या तीनवर "बरं" म्हणताना ती तशी का पाहत होती, तेही तेव्हा कळलं.

अकराव्या दिवशी सकाळी मी फीता गाठोड्यात टाकला अन् वहिनीकडून लोटा मागितला. तळवा भिजवून भिंतीवर ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मला मोजता येत नव्हतं, तू किती आकड्याला काय म्हणायचा ते मी कधी विचारून घेतलंच नव्हतं. नुसता डाग पाहत उभा राहिलो. तो वाळला, तेव्हा कामाला लागलो. उभे पट्टे, हातभर रुंद. वरून खाली. शिडी उतरायची, सरकवायची, पुन्हा चढायचं. काल पाय इतके भरून आले की संध्याकाळी पायरी चढवेना. शिडीवरून खाली पाहायची सवय जात नाही. दर वेळी पाहतो अन् दर वेळी नुसती बालटी दिसते. एकदा तर "भाऊ, जरा पानी पातळ कर" असं मोठ्यानं म्हणून बसलो. वहिनी आत होती. तिनं ऐकलं असेल, पण ती बाहेर आली नाही.

आता घर पांढरं झालं आहे. पट्टा कुठंच नाही. नीळ जरा जास्त पडली, तू म्हटलं असतं, पण वहिनीला आवडलं. चुलीमागची भिंत मी तीनदा धुतली, तरी थोडी काळी झाक राहिली. ती राहू दे म्हणाली वहिनी.

एक गोष्ट राहिली, भाऊ. सिरोंच्याच्या कामानंतर पावसाळा सरला अन् तू म्हणाला, अहेरीला बहिणीकडे जाऊन येतो. पाच-सहा दिवसांनी परत आला. तू अहेरीला उतरला नव्हता. मोटरच्या कंडक्टरनं मला त्याच महिन्यात सांगितलं, तुमचे भाऊ थेट सिरोंच्याला गेले होते, मांडीवर कुंच्यांचं गाठोडं होतं म्हणून. नदीकडच्या भिंतीचे पापुद्रे निघाले असणार अन् शेठनं निरोप पाठवला असणार. माझ्या नऊ दिवसांत ती भिंत वाळलीच नव्हती. जायचे यायचे सोडले तर तू तिथं तीन दिवस होता. एकट्यानं खरवडून, वाळवून, पुन्हा मारून आला, अन् मला एका शब्दानं बोलला नाही, कारण मी गावभर नऊ-नऊ करत फिरत होतो. मला माहीत होतं, भाऊ. चार वर्षं माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. तुझा हात धीमा नव्हता. तो शब्द मी चारचौघांत बोललो अन् चारचौघांतच परत घ्यायला पाहिजे होता.

उद्या तेरवीला तुझे सगळे लोक येतील. जेवायला बसतील अन् भिंतींकडे पाहतील, रंगाऱ्याचं घर म्हटल्यावर पाहणारच. कोणीतरी विचारेलच की चुना कोणी मारला अन् किती दिवस लागले. तेव्हा सगळ्यांसमोर आधी सिरोंच्याचं सांगीन, बारा लागले होते म्हणून. अन् मग या घराचं सांगीन. मी तीन म्हटले होते. कवडूभाऊनं पाच सांगितले होते. पाचच लागले.